काळं मीठ घरीच करा, आणि घरातच ठेवा

पौडच्या बाजारात ‘काळं मीठ द्या’ म्हटलंत तर दुकानदार पादेलोण पुढं करील. त्यात त्याची चूक नाही. पादेलोण म्हणजे मीठ आणि हरड्यासारख्या वस्तू एकत्र भट्टीत तापवून केलेला पदार्थ. त्याला गंधकाचा वास येतो, कुटला की तो गुलाबीसर दिसतो आणि त्याची जागा ताकात नि चाटमध्ये. विक्का किंवा पेगन पंथाची मंडळी उंबऱ्याशी ठेवण्यासाठी, घर ‘राखण्यासाठी’ जे काळं मीठ वापरतात ते वेगळं. ते साधं जाडं मीठ असतं, कोळशानं आणि राखेनं काळं केलेलं. ते खायचं नसतं.

हे सांगायचं कारण, हिंजवडी, भूगाव, बावधनच्या सोसायट्यांमधून हल्ली या गोष्टींची आवड असलेली तरुण मंडळी भेटतात. टॅरो, चंद्राच्या कला, मेणबत्त्या आणि त्यांच्या जोडीला काळ्या मिठाची इवलीशी बाटली. बाटली ऑनलाइन मागवलेली असते आणि आत काय आहे ते लेबलवर धड लिहिलेलं नसतं. काही वेळा तर नुसता रंग दिलेलं मीठ असतं. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या मुळशी तालुक्यात अजून कित्येक घरांच्या मागीलदारी चूल पेटते, तिथं ही वस्तू विकत घ्यायचं काही कारण नाही. मीठ, कोळसा, राख सगळं हाताशी आहे. पण ती इथल्या हवेत कशी टिकते आणि इथल्या माणसांत कशी वाचली जाते, हे दोन्ही नीट समजून घेऊन करा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, तिच्याकडं शेवटी येते.

विक्का हा पंथ तसा नवा. इंग्लंडमध्ये १७३५ सालचा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आलं, तिथून तो उघडपणे वाढला. आपल्याकडं कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी स्वतःला जाहीरपणे विक्कन म्हणवून घेतलं, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. त्या पंथात मीठ आणि पाणी शुद्धीसाठी वापरतात. काळ्या मिठाचा रिवाज मात्र मुख्यतः अमेरिकेतल्या हूडूसारख्या लोकपरंपरांच्या वाटेनं तिकडं शिरला. तेव्हा त्याची एकच ‘खरी’ कृती कुणी सांगू लागलं तर फार मनावर घेऊ नका. चूल, तवा आणि मीठ ज्याच्या घरी आहे त्यानं आपल्या हातानं ठरवावी अशी ही कृती आहे.

आणि आपल्या घरांत ती अर्धी आधीच आहे. मुळशीतल्या कुठल्याही वाडीवर तान्हं मूल किरकिर करायला लागलं की आजी काय करते? दोन्ही मुठींत मीठ-मोहऱ्या घेते, जमलं तर त्यात दोन सुक्या मिरच्या, मुलावरून उतरवते आणि चुलीत टाकते. तडतड आवाज होतो आणि दृष्ट निघाली म्हणतात. तो आवाज नीट ऐकण्यासारखा असतो. मिठाच्या खड्यात आगराच्या पाण्याचे बारीक थेंब अडकून राहिलेले असतात. खडा तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुटतो. मोहरीचंही तेच, आतला ओलावा तिला फोडतो. बारीक मीठ टाकून बघा, आवाज फारसा होणार नाही. मिरचीचा ठसका लागला नाही तर ‘दृष्ट फार होती’ असं म्हणतात. चूल धडधडून पेटलेली असली आणि धूर वर ओढला जात असला तर ठसका तसाही लागत नाही, पण आजीसमोर हे बोलू नये.

गॅसच्या शेगडीवर मात्र ही दृष्ट काढू नका. मीठ बर्नरच्या भोकांत जाऊन बसतं आणि पितळ खातं. एखादं खापर किंवा जुना लोखंडी तवा तापवून त्यात टाका, खिडकी उघडी ठेवून.

आता काळ्या मिठाची कृती.

मीठ जाडंच घ्या, खडे मीठ. पेण-उरणच्या मिठागरांमधलं गावठी मीठ मिळालं तर उत्तम. ताम्हिणी घाट उतरला की कोकण आणि कोकणात मिठागरं. घाटमाथ्याला मीठ पुरवलं ते कोकणानंच. पिशवीतलं आयोडीनयुक्त जाडं मीठही चालेल, आपण ते खाणार नाही. एक वाटी मीठ घ्या. जास्त करू नका, टिकवायला त्रास होतो.

कोरड्या लोखंडी तव्यावर ते मंद आचेवर परता. सुरुवातीला ओलसर, करडट दिसणारे खडे हळूहळू पांढरे, रखरखीत होतात. मग एकेक खडा टकटक करत उडायला लागतो. तेव्हा चेहरा लांब ठेवा, गरम मिठाचा कण डोळ्यात गेला तर रडकुंडीला येतो माणूस. टकटक थांबत आली की मीठ सुकलं. तवा उतरवा, मीठ थाळीत पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या. नॉनस्टिक तवा या कामाला अजिबात वापरू नका. रिकामा तापवला की त्याचा लेप खराब होतो आणि वाफा वाईट निघतात.

रंगासाठी काय घ्यायचं यावर सगळी मदार. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण नुसती राख घालतात आणि मग मीठ करडं का झालं म्हणून विचारतात. राख करडीच असते. लाकूड किंवा गोवरी पूर्ण जळून उरलेलं ते, त्यातला काळा भाग जळून गेलेला असतो. काळा रंग हवा तर लाकडी कोळसा हवा. चुलीतला विझलेला निखारा घ्या. शनिवार-रविवारी मुळशीच्या फार्महाउसवर बार्बेक्यू करणाऱ्यांकडं उरलेला अख्खा लाकडी कोळसाही चालेल. मात्र साच्यात दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या टाळा. त्या चिकटवायला काहीबाही घातलेलं असतं, आणि पटकन पेटणाऱ्या वड्यांत तर पेट घेणारी रसायनंही असतात.

एका वाटी मिठाला दोन मोठे चमचे कोळशाची पूड आणि एक छोटा चमचा राख पुरे. कोळसा कुटताना घराबाहेर बसा, नाकातोंडाला फडकं बांधा आणि वाऱ्याकडं पाठ करा. कोळशाची भुकटी फुफ्फुसाला बरी नाही, आणि भिंतीवर बसली तर निघतही नाही. स्वयंपाकातला खलबत्ता घेऊ नका. दगडी असेल तर कोळसा त्याच्या भोकांत शिरतो आणि पुढं सहा महिने तुमची शेंगदाण्याची चटणी काळी होते. वापरातून गेलेला लोखंडी खल किंवा जाड कापडी पुरचुंडी आणि वरून दगड, एवढं पुरतं. पूड मैद्यासारखी झाली पाहिजे. भरड राहिली तर बरणीच्या तळाशी जाते आणि वरचं मीठ पांढरं राहतं.

मग मीठ, पूड आणि राख एका पातेल्यात घालून चमच्यानं नाही तर हातमोजे घालून चोळा. मीठ आणि कोळसा एकमेकांत विरघळत नाहीत, भुकटी फक्त खड्याच्या खरखरीत अंगावर चिकटून बसते. म्हणून चोळणं महत्त्वाचं. पाच मिनिटं चोळलंत की पांढरी टोकं नाहीशी होतात आणि ओल्या काळ्या पाषाणावर ऊन पडावं तशी मंद चकाकी येते. हातमोजे राखेमुळं. राख क्षारयुक्त असते. कोरडी असताना काही करत नाही, पण ओल्या हाताला लागली की कातडी चरचरते. पूर्वी राखेच्या पाण्यानं कपडे धुवायचे ते याच गुणामुळं.

अगदी गडद, मखमली काळं हवं असेल तर काजळी वापरा. एरंडेल किंवा तुपाचा दिवा, वर दोन बोटं अंतरावर पालथं तांब्याचं ताम्हन, तासाभरात ताम्हनाला काजळी धरते. घरोघरी काजळ असंच धरायचे. काजळी तेलकट असल्यामुळं मिठाला घट्ट बसते, चिमूटभर पुरते. बोटांनाही तशीच घट्ट बसते, हे लक्षात ठेवा. रॉकेलच्या चिमणीची काजळी नको. आणि यातली उरलेली काजळी बाळाच्या डोळ्यांत घालायचा मोह आवरा. डोळ्यांचे डॉक्टर घरच्या काजळालाही नकोच म्हणतात. तीट लावायची तर गालावर किंवा तळपायाला लावा.

इंग्रजी पुस्तकांत सेज, रोझमेरी वगैरे जाळून त्यांची राख घालायला सांगतात. ती पुड्यांतून मागवण्यापेक्षा परसातलं काय आहे ते बघा. वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या, कडुलिंबाचा पाला, निर्गुडीची पानं, थोडा ऊद, चार मिरे. निर्गुडीचा धूर गोठ्यात डासांसाठी करतातच. धोतरा, कण्हेर, रुई यांना हात लावू नका. कण्हेरीचा आणि धोतऱ्याचा धूरही विषारी असतो, आणि विषारी वनस्पतीत जास्त ‘शक्ती’ असते हे खूळ दवाखान्यात नेऊन सोडतं. बिब्बाही नको. लिंबू-मिरचीच्या माळेत तो ओवलेला असतो म्हणून काहींना सुचतं. तापवलेल्या बिब्ब्याचं तेल उडालं तर कातडीवर फोड येतात आणि आठवडाभर उतरत नाहीत. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक यांची राख तर कशालाच वापरू नये. आणि काहीही जाळायचं ते उघड्यावर. पेटत्या कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणं जिवावर बेततं. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

लाकूड कुठून आणायचं, याबद्दल एक गोष्ट बजावून सांगते. देवराईतून काडीही उचलू नका. मुळशी, वेल्हे, मावळ या पट्ट्यात गावोगावी देवराया आहेत, वाघजाईच्या, भैरोबाच्या, काळूबाईच्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, त्यामुळं त्या जगाला कळल्या. गावाला त्यांचा नियम कितीतरी आधीपासून माहीत होता: पडलेलं लाकूडसुद्धा देवाचं. शक्तीच्या शोधात तिथलं झाड तोडून आणलेला कोळसा माझ्या मते चोरीचा माल आहे, त्यानं घर काय राखलं जाणार?

राखेचं म्हणाल तर सगळ्यात चांगली मुळशीत वर्षातून एकदा आपसूक मिळते. होळीची. धुळवडीच्या सकाळी होळीच्या कडेची गार झालेली राख आणि कोळसे घरोघरी नेतातच, कपाळाला लावतात, गोठ्यात टाकतात. तुम्हीही एक वाटी आणा, गावच्या मोठ्यांना विचारून. पत्र्याच्या डब्यात आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा जिवंत सापडतो. स्वतः वेगळी शेकोटी करणार असाल तर डोंगरउतारावर करू नका. फाल्गुन-चैत्रात इथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि वणवा लागायला एक ठिणगी पुरते. अंगणात, खड्ड्यात, शेजारी पाण्याची बादली भरून.

फाल्गुनाचा दुसरा फायदा हवेचा. मुळशीत मिठाचा खरा शत्रू पाऊस. ताम्हिणीच्या पट्ट्यात वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पडतो, आणि जून ते सप्टेंबर हवेतच पाणी तरंगत असतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. गावठी खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याच्या कितीतरी आधी पाझरू लागतात. आषाढी अमावास्येच्या मुहूर्तावर केलेलं काळं मीठ श्रावणात काळ्या चिखलाचं होतं, हे ठरलेलं. म्हणून पावसाळा सोडून बोला.

विक्काचे बहुतेक साधक ‘दूर सारण्याची’ कामं चंद्र घटत असताना करतात, म्हणजे आपला वद्य पक्ष. कालनिर्णय उघडा, वेगळं अॅप लागत नाही. होळी पौर्णिमेला, धुळवडीपासून वद्य पक्ष सुरू, राख ताजी, हवा कोरडी. दुसरा चांगला काळ दिवाळीचा. त्यांचा सॅमहेन हा सण ३१ ऑक्टोबरचा आणि आपली आश्विन अमावास्या कधी कधी गळ्यात गळे घालून येतात. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच दुपारी अमावास्या लागली होती. तोवर पाऊस सरलेला असतो आणि खाचरांतलं भात पिवळं झालेलं असतं.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची घ्या, झाकण घट्ट बसणारं. पत्र्याचा डबा मीठ खाऊन टाकतं. तळाशी मूठभर भाजलेले तांदूळ फडक्यात बांधून ठेवले तर ओल ओढून घेतात. त्यासाठी कणी चालते, आंबेमोहर वाया घालवू नका. मुळशीच्या ज्या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याची जागा भाताच्या पातेल्यात आहे. बरणीवर मोठ्या अक्षरात ‘खायचे नाही’ लिहा आणि ती स्वयंपाकघराबाहेर ठेवा. घरात कुत्रं असेल तर उंचावर. जास्त मीठ पोटात गेलं तर कुत्र्याला ते बाधतं.

वापरताना मीठ मोकळं पेरू नका. पुस्तकात दारासमोर मिठाची रेघ ओढायला सांगितलेली असते. ती ज्या हवेत लिहिली तिथं ठीक असेल. इथं ती रेघ एका रात्रीत ओली होते, फरशीवर डाग पाडते, लोखंडी दाराच्या बिजागऱ्या गंजवते आणि सागवानी चौकटीच्या बुडाशी ओल धरून ठेवते. बागेत टाकलीत तर तिथलं रोप मरतं आणि गांडुळंही. छोट्या वाटीत किंवा पणतीत चमचाभर घालून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवा. किंवा कापडाच्या पुरचुंडीत बांधून गाडीत, उशाशी. तेवढ्यानं मनाला जे समाधान मिळायचं ते मिळतं. माझ्या मते त्याचं काम तेवढंच. मीठ चोर अडवत नाही, ताप उतरवत नाही, आणि विक्का मानणारी समंजस माणसंही तसा दावा करत नाहीत.

आता ती शेवटाला ठेवलेली गोष्ट. मीठ घराच्या उंबऱ्याबाहेर नेऊ नका.

इथल्या लोकांना तिठ्यावर ठेवलेला उतारा ओळखता येतो. दहीभात, लिंबू, हळद-कुंकू दिसलं की माणसं वळसा घालून जातात, पोरांना ओढून घेतात. त्याच तिठ्यावर, शेताच्या बांधावर किंवा शेजाऱ्याच्या दारात काळी पूड दिसली तर ती ‘प्रोटेक्शन’ म्हणून कुणी वाचणार नाही. करणी म्हणून वाचेल. सोसायटीत झालं तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस गोंधळ आणि सीसीटीव्हीची मागणी, एवढ्यावर भागेल. वाडीवर तसं भागत नाही. तिथं आधीच बांधाचा वाद असतो, कुणाचा बैल दगावलेला असतो, कुणाचं लेकरू आजारी असतं आणि देवऋषी विचारतो, ‘संशय कुणावर?’ बोट फिरतं ते बहुतेक वेळा एकट्या बाईकडं, म्हातारीकडं, नाहीतर ज्याच्याशी भांडण आहे त्या भावकीकडं. हौसेनं टाकलेली तुमची चिमूट तिच्या दारात पुरावा म्हणून उभी राहते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात लागू झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. तुमच्या घरात तुम्ही मीठ काळं केलंत, दृष्ट काढलीत, दिवा लावलात, त्याला हा कायदा हात लावत नाही. अमुक माणूस करणी करतो असं सांगून त्याचं जगणं मुश्कील करणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साप किंवा कुत्रं चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, चमत्काराच्या नावानं लोकांना लुबाडणं, हे त्यात गुन्हे आहेत. तेव्हा मीठ करायला शिकलात म्हणून दुसऱ्याच्या घरचं ‘बघून’ द्यायला जाऊ नका, आणि ‘तुमच्यावर कुणीतरी केलंय’ हे वाक्य तर गमतीतही तोंडातून काढू नका. कुणाला इजा करायची नाही हा दंडक विक्कातही मोठा मानतात. मुळशीत तो पाळायचा तर शब्दांपासून सुरुवात करावी लागते.

भेट म्हणून देतानाही हेच. मैत्रिणीला बरणी द्यायची असेल तर आत काय आहे आणि कशासाठी ते तिच्या घरच्यांसमोर सांगून द्या. सासूच्या नजरेस कपाटामागं लपवलेली काळी पुरचुंडी पडली तर पुढचं महाभारत मी सांगायला नको.

जुनं झालेलं, ओल धरलेलं मीठ फेकायचं कुठं, हाही प्रश्न येतोच. मुळेच्या पात्रात किंवा धरणाच्या पाण्यात सोडायची पद्धत पडू बघतेय. चमचाभर मिठानं धरण खारट होत नाही, पण मिठाबरोबर कापड, लिंबं, बाटल्याही जातात, आणि पाणी ओसरलेल्या काठावरच्या गाळात पाय रुतून माणसं अडकतात. झाडाच्या बुंध्याशीही टाकू नका. नुसता कोळसा आणि राख उरली असती तर फुलझाडांना चालली असती, मीठ मिसळल्यावर नाही. कागदात घट्ट बांधा आणि सुक्या कचऱ्यात टाका. बरणी धुऊन उन्हात वाळवा, पुढच्या धुळवडीला लागेल.